सनावळीची वाट

लपविलेली वस्तू शोधून काढण्याची हौस मनुष्यास उपजतच असावी. लहानपणीचा लपंडाव घ्या, की लग्नघरी हळदीच्या पाण्यात वधूवरांस शोधावयास लावलेली अंगठी घ्या. वस्तूच्या मोलापेक्षा शोधण्यातच मौज अधिक. ही हौस जुनीच, पण आमच्या काळात तिला एक नवे साधन लाभले आणि त्यातून एक खेळ निघाला. त्याचे नाव जिओकॅशिंग. नाव परके आहे, पण खेळाचा जीव आपल्यास परका नाही, हे सांगण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

आकाशात सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारे अमेरिकेचे उपग्रह आपले स्थान सांगतात, हे आता प्रत्येक खिशातील फोनमुळे सर्वश्रुत झाले आहे. परंतु प्रारंभी सामान्य जनांस मिळणारा संकेत मुद्दाम अस्पष्ट ठेवलेला असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडावयाचा. २ मे २००० या दिवशी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेने तो पडदा दूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन प्रांतातील पोर्टलंडनजीक रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत काही किरकोळ वस्तू आणि एक वही. ज्यास सापडेल त्याने एखादी वस्तू घ्यावी, बदल्यात दुसरी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम. पुढे या खेळास अनेक फाटे फुटले. त्यांतील एकात स्थान उघड सांगत नाहीत. काही प्रश्न घालतात, त्यांच्या उत्तरांतून अंक निघतात आणि अंकांतून स्थान.

आता हे आपल्यास नवे का वाटावे? आपल्या ज्योतिषग्रंथांतून आणि शिलालेखांतून वर्षे शब्दांत लपविण्याची रीत शतकानुशतके चालत आली. चंद्र म्हणजे १, नेत्र २, वेद ४, बाण ५, रस ६, मुनी ७, वसू ८, अंक ९ आणि आकाश शून्य. शब्द येतील त्या क्रमाने अंक उजवीकडून डावीकडे मांडीत जावे, की शक हाती येतो. ‘रस-अंक-बाण-चंद्र’ म्हणजे ६, ९, ५, १. मांडले की १५९६. त्यात ७८ मिळविले की १६७४, शिवराज्याभिषेकाचे वर्ष. पानिपताची वार्ताही १७६१ साली मोत्यांच्या आणि मोहरांच्या सावकारी संकेतातूनच उत्तरेकडे जात असलेल्या पेशव्यांस कळली, असे आपण ऐकत आलो आहो.

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमचे आप्तमंडळ कोगनोळीस जमले. पुण्याहून येणाऱ्यास, बेळगावाहून येणाऱ्यास आणि आंबोलीचा घाट चढून गोव्याहून येणाऱ्यासही हे गाव सोयीचे. मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कर्नाटकाचे हे जणू उत्तरेकडील दार. पलीकडे दूधगंगा आणि तिच्या पलीकडे कागल. ऊस आणि तंबाखूचा मुलूख. जवळच आप्पाचीवाडी-कुर्लीस हालसिद्धनाथांची यात्रा भरते आणि तेथील भाकणूक ऐकावयास दोन्ही राज्यांतून माणूस लोटतो. भाकणूक भविष्य कोड्यात सांगते. आपण मुलांसाठी भूतकाळाचे कोडे घालावे, असा विचार आमच्या मनात आला. राष्ट्राच्या इतिहासावरील प्रश्न, उत्तरांतून स्थान आणि त्या स्थानी एक पेटी.

कोडे घालावयास बसलो तेव्हा कळले, की प्रश्न विचारणे उत्तर देण्याहून अवघड आहे. एका प्रश्नास एकच उत्तर हवे. शिवजन्माचे वर्ष विचारावे, तर शके १५४९ म्हणजे १६२७ आणि शके १५५१ म्हणजे १६३०, असे दोन पक्ष. महाराष्ट्र शासनाने दुसरा स्वीकारला, तरी घरातील वृद्धांच्या तोंडी पहिलाच. तो प्रश्न आम्ही वगळला. ‘आपण स्वतंत्र कधी झालो?’ हा तर साऱ्यांत सोपा म्हणून घेतला होता. १९४७ असे सर्व मुले एका सुरात म्हणाली, इतक्यात मडगावची आमची भाची हळूच म्हणाली, “आमचो मुक्तिदीस डिसेंबरांत येता.” तिचे म्हणणे यथार्थ होते. गोव्याचे वर्ष १९६१. हैदराबाद संस्थानाचे १९४८. आणि दूधगंगेपलीकडचे कागल ज्या कोल्हापूर संस्थानात होते, ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. एकाच राष्ट्राच्या एकाच सणाची इतकी वर्षे! तेव्हा प्रश्न असा बांधला: ‘१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर पंतप्रधानांचे ध्वजवंदन होते, तो १५ ऑगस्ट मूळ कोणत्या वर्षीचा?’

बाकीचे प्रश्न या मुलखातलेच घेतले. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी कंपनीची फौज कधी परतविली? १८२४. महात्मा गांधी राष्ट्रसभेच्या ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते बेळगावचे अधिवेशन कधीचे? १९२४. शाहू महाराज आणि डॉक्टर आंबेडकर ज्या माणगाव परिषदेस एकत्र आले, ती कधी भरली? १९२०. चन्नम्मांचे वर्ष, गांधीजींचे वर्ष आणि राज्याभिषेकाचे वर्ष या तिन्हींचा शेवटचा अंक चारच, हे मुलांनी झटकन ओळखले असते. म्हणून कोणत्या वर्षाचा कितवा अंक घ्यावयाचा, हे निरनिराळे ठेवावे लागले.

अंकांचे महत्त्व मुलांस पटावे म्हणून आम्ही आधी हिशेब सांगितला. अक्षांशाची एक कला म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, तिचा हजारावा भाग दोन मीटरांहून किंचित कमी. शेवटचा अंक चुकला तर शेजारचे झुडूप धुंडाळावे लागेल. पण कलांच्या स्थानी तीन-चारांचा फरक पडला, तर शोधणारा दूधगंगा ओलांडून थेट कागलच्या शिवारात, दुसऱ्या राज्यात! दुकानदार वहीस ताळा लावतो, तसा आम्हीही एक ताळा दिला: सर्व अंकांची बेरीज अमुक आली पाहिजे. न आली, तर पाऊल उचलण्यापूर्वी सनावळी पुन्हा पाहा.

शेवटचा प्रश्न राहिला आणि तेथे खेळाचा खेळ राहिला नाही. प्रश्न असा होता: ‘बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात कोणत्या वर्षी गेला?’ उत्तर १९५६, दिनांक १ नोव्हेंबर. तो दिवस कर्नाटकात राज्योत्सवाचा आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या लेखी काळा दिवस. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. इतक्या वर्षांचे ओझे ज्या तारखेवर आहे, ती मुलांच्या खेळात आणावी काय?

आमचे बेळगावचे मेव्हणे व्यथित होऊन म्हणाले, “भावजी, ज्या दिवशी आमचे वडील वर्षानुवर्षे निषेधाच्या फेरीत चालले, त्या दिवसाचा अंक पेटी शोधण्यासाठी वापरायचा? हे मनास बरे वाटत नाही.” त्यांचे दुःख खरे होते, त्यास उत्तर नव्हते. शेजारचे एक कन्नडभाषक निवृत्त गुरुजी आमच्या ओसरीवर बसले होते. ते जुने शेजारी, मराठी सफाईने बोलणारे. क्षणभर थांबून ते म्हणाले, “प्रश्न राहू द्या. साल आम्हीही तेच शिकवीत आलो. तुमच्या घरी त्या दिवशी काय होते आणि आमच्या घरी काय होते, हे मुलांना एकमेकांकडून कळू दे. आपण मोठ्यांनी ते एकमेकांस कधी विचारलेच नाही.” मेव्हणे काही बोलले नाहीत, पण प्रश्नाचा कागद त्यांनी फाडला नाही, घडी करून परत दिला.

पेटी ठेवली ती एका शेतकऱ्याच्या बांधावरील झाडाच्या बुंध्याशी, त्यांच्या संमतीने. देवळाच्या आवारात नको, कारण तेथे लोक दुसऱ्याच शोधात येतात. टोलनाक्यानजीक वा पुलाखाली तर मुळीच नको, बेवारस डब्याने पोलिसांची धावपळ व्हावयाची. म्हणून पारदर्शक डबा घेतला आणि आत काय आहे ते मराठीत व कन्नडात वर लिहिले. आत पेन्सिली, काही नाणी आणि एक कोरी वही.

दुसऱ्या दिवशी अकरा मुले निघाली. त्यांत गुरुजींची दोन नातवंडे होती. भूतसंख्येच्या प्रश्नावर सारी अडली, तेव्हा पुरोहितबुवांनी ‘रस’ म्हणजे सहा एवढेच सांगितले. राज्य बदलल्याच्या प्रश्नावर गुरुजींचा नातू आणि मेव्हण्यांचा मुलगा दोघांनीही एकच साल लिहिले. ताळा जुळला. दुपारपर्यंत पेटी हाती आली आणि वही भरली: कोणी मराठीत, कोणी कन्नडात, भाचीने कोंकणीत. एकाने लिहिले होते, त्या दिवशी आमच्या शाळेत झेंडा आणि लाडू असतात. दुसऱ्याने त्याखाली लिहिले, त्या दिवशी आजोबा काळी फीत लावीत. कोणी कोणाचे खोडले नव्हते.

सायंकाळी बांधाचे धनी आले आणि त्यांनीही वही मागून घेतली. सावकाश वाचली आणि शेवटी एवढेच लिहिले: ‘आमचे साल १९८१. ते यात नाही.’ निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली रास्त दरासाठी याच महामार्गावर ठाण मांडले, मार्च-एप्रिलचे ऊन सोसले आणि शेवटी गोळीबार झाला, त्यात शेतकरी बळी पडले, ते वर्ष. त्या वर्षी शेतकऱ्याची भाषा कोणती, हे गोळीने विचारले नव्हते.

इतिहासाच्या सनावळीस आपण नेहमी रुक्ष म्हणतो. परंतु वर्ष ही एक अशी खूण आहे, की जिच्यापाशी भिन्न मनाची माणसेही एकत्र उभी राहू शकतात. अर्थ ज्याचा त्याने सांगावा, पण जागा एकच असावी. जागाच एक नसेल, तर भांडणदेखील नीट होत नाही. आणि सनावळी कोण लिहितो, यावर तीत कोणाचे साल येते हे अवलंबून असते. म्हणून वहीत शेवटची काही पाने कोरी ठेवावीत, हे शहाणपणाचे. येत्या दिवाळीच्या कोड्याचा पहिला प्रश्न त्या धन्यांनी आताच सांगून ठेवला आहे. उत्तराचा अंक त्यांनीच निवडावा, अशी विनंती आम्ही त्यांस केली आहे.