तळ्याकाठी एक काठी

गेल्या वर्षी मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आमचा मुक्काम अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरी चिरंजीवांकडे होता. इंदूरला परतल्यावर स्नेहीमंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. अडीच महिने आम्ही एकाच तळ्याचा काठ पाहिला, आणि त्यातला बराचसा वेळ मासे धरण्याची एक काठी निवडण्यात घालवला. हे उत्तर ऐकून मंडळी आमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती पाहता सारी हकीकत एकदा लिहूनच काढलेली बरी.

त्या तळ्याचे नाव लेडी बर्ड लेक. खरे तर ते तळे नव्हेच. शहराच्या मधोमध अडवलेली ती कोलोरॅडो नदी आहे. (ग्रँड कॅन्यन कोरणारी कोलोरॅडो निराळी. ही टेक्सासातच उगम पावते आणि टेक्सासातच समुद्राला मिळते.) आमची सारी नोकरी सिंचन खात्यात गेली, त्यामुळे पाणी दिसले की ते कोणी अडवले आणि कशासाठी, हे विचारल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही. लाँगहॉर्न नावाचे हे धरण १९६० साली बांधले, ते शेतीसाठी नव्हे की पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे. शहराच्या वीजघराची यंत्रे थंड ठेवण्यासाठी. ते वीजघर २००७ साली बंद झाले. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन निवर्तल्या आणि तोवर 'टाउन लेक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाण्याला त्यांचे नाव मिळाले. काठावर झाडे लागावीत, लोकांना हिंडायला वाट व्हावी, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी पुढाकार घेतला होता. आज दोन्ही काठांनी मिळून सुमारे १६ किलोमीटरची पायवाट आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या होड्यांना पाण्यात बंदी असल्याने भर शहरात असूनही ते पाणी शांत असते. संध्याकाळी काँग्रेस ॲव्हेन्यूच्या पुलाखालून लाखो वटवाघळे धुराच्या लोटासारखी बाहेर पडतात. ती पाहायला सारा गाव लोटतो, आम्हीही दोनदा गेलो.

आमचा नातू बारा वर्षांचा. मराठी त्याला सगळे समजते, पण उत्तर इंग्रजीत येते आणि तेही दोन शब्दांत. त्या वर्षी शाळेच्या फुटबॉलच्या संघातून त्याला वगळले होते. घरात कोणी त्याचा उच्चार करीत नसे, आणि तोही करीत नसे. खोलीचे दार लावून बसे. एके सकाळी त्याला बळेच फिरायला नेले. सायप्रसच्या मुळांपाशी उभ्या असलेल्या एका माणसाने पाण्यातून हिरवट रंगाचा, भल्या मोठ्या तोंडाचा मासा ओढून काढला, हातात धरून क्षणभर पाहिला आणि पुन्हा सोडून दिला. नातू पाहतच राहिला. पुढच्याच महिन्यात त्याचा वाढदिवस होता. आम्ही म्हटले, "तुला काठी घेऊन देऊ. पण एकच. तीत काय ते भागव."

तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. आपल्याकडच्या बड्या हॉटेलांत 'सी बास' म्हणून वाढतात तो कोकणातला जिताडा, गोव्याचा चोणक. त्याचे आणि ह्याचे नाते केवळ नावाचे. हा गोड्या पाण्यातला, अमेरिकेतल्या 'सनफिश' कुळातला. टेक्सासच्या सरकारने १९७० च्या दशकापासून फ्लोरिडातल्या थोराड जातीची पिल्ले आपल्या जलाशयांत सोडून त्याची पैदास वाढवली आहे. त्याचा एक लहानसा भाऊबंद, ग्वादालुपे बास, हा तर १९८९ पासून राज्याचा अधिकृत मासा आहे. वसंतात पाणी कोमट होऊ लागले की बास काठाजवळच्या उथळ जागी घरटे करतो, आणि नर अंड्यांची राखण करतो. म्हणजे होडी नसलेल्या माणसाचे दिवस तेच.

सतरा वर्षांखालील मुलांना तिथे परवाना लागत नाही. आम्हांला लागला. मासे धरायला सरकारचा कागद घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे मोजावे लागतात, हे ऐकून आमचे कुटुंब म्हणाले, "त्यापेक्षा बाजारातून आणा."

काठी घ्यायला एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर काठ्या, आम्ही लहानपणी सिरपूरच्या तलावावर बांबूला दोरा आणि गळ बांधून बसत असू, तेवढीच आमची विद्या. विक्रेत्याने विचारले, "कोणता मासा?" आम्ही म्हणालो, "बास." तो प्रश्न तिथेच संपला. त्याने साडेसात फुटांची, 'हेवी' असे लिहिलेली काठी आणि तिच्यावर बसणारे बेटकास्टिंगचे रीळ बांधून दिले. उभे कोठे राहणार, हे त्याने विचारले नाही, आणि सांगायचे आम्हांला सुचले नाही.

पहिल्या दिवसाचे वर्णन करवत नाही. नातवाने काठी डोक्यावरून मागे नेली ती पेकनच्या फांदीत अडकली. आमचा पहिला नारिंगी मासा, अर्थात प्लास्टिकचा, तिथेच लटकत राहिला. दुसऱ्या फेकीला रिळातून दोऱ्याचा असा गुंता उसळला की तो सोडवायला पाऊण तास लागला. तिसऱ्या फेकीला पुन्हा तेच. तिथले लोक ह्या गुंत्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात, आणि ते दिसतेही तसेच. चौथ्या घरट्यानंतर नातवाने काठी गवतावर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाला, "मला कुठलीच गोष्ट येत नाही." तो कशाविषयी बोलत होता हे आम्हांला कळले. उत्तर मात्र सुचले नाही, म्हणून घरटे सोडवीत बसलो.

आम्हांला तारले ते एका वृद्ध गृहस्थाने. पूर्वी शहरात बस चालवीत असे, आता रोज सकाळी ह्या काठावर असे. त्याने आमच्या काठीच्या टोकाला आमचेच आमिष लोंबत सोडले, काठी मागेपुढे हलवली आणि विचारले, "वाकली का?" वाकली नव्हती. मग त्याने जे सांगितले ते आमच्या शब्दांत असे.

बेटकास्टिंगचे रीळ काठीच्या वरच्या अंगाला बसते आणि फेकताना त्याची दोऱ्याची फिरकी स्वतः गरगरते. (साध्या, खाली लोंबणाऱ्या स्पिनिंग रिळात फिरकी स्थिर असते, दोरा वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून ते नवशिक्याला सोपे.) ह्या रिळाचे मूळ घड्याळजींच्या हातचे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केंटकी राज्यातील पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने दातेरी चाकांचे असे रीळ घडवले, आणि पुढे फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी, तेही घड्याळजीच, ती कला वाढवली. मूठ एकदा फिरवली की फिरकी अनेकदा फिरते. आजच्या रिळांत साधारण सात वेळा. पण फेकलेले आमिष हवेत मंदावते आणि गरगरणारी फिरकी मंदावत नाही. बाहेर जाण्याहून जास्त दोरा सुटतो आणि घरटे होते. त्याला उपाय म्हणून रिळात लोहचुंबकाचे वा लहान वजनांचे ब्रेक असतात, बाजूला एक कळ असते. ती इतकी आवळायची की आमिष हळूहळू खाली यावे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबावी. खरा ब्रेक मात्र माणसाचा अंगठा.

आता काठीचे. आमिष माणूस फेकत नाही, काठी फेकते. आमिषाच्या वजनाने ती मागे वाकते आणि सरळ होताना त्याला पुढे भिरकावते. म्हणून प्रत्येक काठीवर, मुठीच्या जरा वर, ती किती वजनाच्या आमिषासाठी आहे ते छापलेले असते. आमची काठी दीड औंसापर्यंतच्या जड आमिषांसाठी होती, आम्ही बांधले होते पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम. काठी वाकेना, म्हणून मुलगा हिसका देई, आणि हिसक्याने फिरकी उसळे. दोष मुलाच्या हाताचा नव्हता. हे वाक्य त्या गृहस्थाने नातवाकडे पाहून उच्चारले. ते त्याने जाणून केले की सहज, आम्हांला आजही ठाऊक नाही.

काठी परत घेतली गेली. ह्या बाबतीत तिकडची दुकाने उदार आहेत. दुसऱ्या खेपेस आम्ही काठाचे वर्णन घेऊन गेलो. मागे झाडे आहेत, वाटेवर धावणारी माणसे, कुत्री, सायकली आहेत. सबब डोक्यावरून लांब फेक क्वचितच, बहुधा बाजूने वा खालून. समोर पाणवनस्पती आणि बुडालेली मुळे. होडीतला माणूस माशाजवळ जाऊ शकतो, काठावरच्याला मासा त्या जंजाळातून आपल्याकडे ओढून आणावा लागतो. तेव्हा काठीच्या बुंध्यात जोर हवा, दोरा भक्कम हवा. आणि बरोबर एकच काठी, तिनेच सगळे करायचे.

ह्या सगळ्यातून निघाली ती सात फुटांची, ताकदीने 'मीडियम हेवी', वळणाने 'फास्ट'. ताकद म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. वळण म्हणजे वाक कोठे पडतो. 'फास्ट' काठी शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकते, खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे शेंडा हलके आमिष फेकतो आणि बुंधा मासा ओढतो. आमिष पाव ते एक औंस, म्हणजे सात ते अठ्ठावीस ग्रॅम. दोरा बारा ते वीस पौंडांचा. साडेसहा फुटी काठी झाडांखाली अधिक सुटसुटीत खरी, पण सात फुटांनी ढिला दोरा एका झटक्यात ताणता येतो आणि काठाशी वाढलेल्या गवतावरून मासा वळवून आणता येतो. मूठ आम्ही मुद्दाम आखूड पाहिली. लांब मूठ बारा वर्षांच्या पोराच्या बरगडीत रुतते. आणि काठी दोन तुकड्यांची घेतली. जाणकार ह्यावर नाक मुरडतात, एकसंध काठीतून माशाची चाहूल अधिक स्पष्ट हातात येते म्हणतात. असेल. पण आमचा नातू तळ्यावर सायकलने जाणार होता.

उणीव सांगितलीच पाहिजे. अगदी हलकी आमिषे, पाव औंसाच्या आतली, ही काठी नीट फेकत नाही; तिथे स्पिनिंगच बरे. आणि तीन-तीन गळांचे झुबके असलेल्या आमिषांना हिच्याहून मऊ काठी हवी, नाहीतर ओढीसरशी गळ माशाच्या तोंडातून निसटतात. एकच काठी म्हटल्यावर काही आमिषे दुकानातच सोडून यावी लागतात.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी शाळेपूर्वी तासभर आम्ही दोघे काठावर. घरटी होतच होती, पण कमी. ती सोडवताना दोघांनी शेजारी बसावे लागते, एकाने फिरकी धरायची, दुसऱ्याने फास ओढायचे. आणि "हा सोड", "तो नको, वरचा" असले बोलणे दोन शब्दांच्या इंग्रजीत भागत नाही. फुटबॉलची सगळी कथा आम्हांला अशीच एका गुंत्यावर बसून, निम्म्या मराठीत ऐकायला मिळाली. प्रशिक्षकाविषयीचे त्याचे मत येथे छापण्याजोगे नाही.

मासा लागला एप्रिलच्या अखेरीस. प्लास्टिकचा जांभळा किडा, पुढे गोळीच्या आकाराचे शिसे, गळाचे टोक किड्याच्या अंगात लपवलेले, म्हणजे गवतात अडकत नाही. ह्या बांधणीला 'टेक्सास रिग' असेच नाव आहे. हा प्लास्टिकचा किडा ओहायोतील ॲक्रन गावच्या निक क्रीमने १९४९ साली काढला आणि पुढे त्याचा कारखाना टेक्सासातल्या टायलर गावी आला. नातवाने तो खालून, हलक्या हाताने, सायप्रसच्या दोन मुळांमध्ये सोडला. अंगठा वेळेवर टेकला. दोरा एका बाजूला सरकू लागला, त्याने काठी उचलली, आणि शेंडा जो वाकला तो तिसऱ्या हिश्श्यापाशी थांबला. मासा मुळांकडे धावला. बुंध्याने त्याला जाऊ दिले नाही. काठाशी आल्यावर नातू काठीनेच उचलायला निघाला होता, आम्ही ओरडलो. काठी अशी उभी धरून वजन उचलले की शेंडा मोडतो. मग तो गुडघ्यावर बसला आणि माशाचा खालचा ओठ अंगठ्याने धरून त्याला वर घेतला. पंधरा इंच भरला.

आम्ही मासे खाणाऱ्या घरातले. आमच्या डोळ्यांसमोर रवा, तिखट आणि तवा उभा राहिला हे कबूल करतो. नातवाने गळ काढला, मासा पाण्यात धरला, शेपूट हलू लागली तशी हात मोकळा केला. घरी सौ.ने विचारले, "आणलात का काही?" नातू म्हणाला, "तो घरटं राखत होता, आजी." तो नरच होता, हे त्याला कसे समजले, आम्ही विचारले नाही.

निघायच्या आदल्या सकाळी पुन्हा त्या पेकनखाली गेलो. आमचा पहिला नारिंगी मासा अजून फांदीवर लटकत होता. नातवाने नवी काठी उंच करून, टाचा उचलून, शेंड्याने त्याला ढोसायचा यत्न केला. जेमतेम वीतभर कमी पडले.

"आजोबा," तो म्हणाला, "ह्याच्यासाठी ती साडेसात फुटी पाहिजे होती."