सड्यावरचे फुरसे

वाचकहो, कोल्हापुराहून रत्नागिरीला जाणाऱ्या एसटीत कधी बसलात, तर खिडकीजवळची जागा धरा. आंबा घाट उतरला की घाटावरचा ऊस मागे राहतो. साखरपा, नाणीज, पाली ही गावे जातात आणि पुढे समुद्राच्या बाजूला जांभ्या दगडाचे उघडे, लाल माळ दिसू लागतात. कोकणी माणूस याला सडा म्हणतो. पावसाळ्यात त्यावर गवत आणि इवलीइवली फुले असतात. चैत्रात पाय भाजतो. कडेला आंब्या-काजूच्या बागा, आणि बागांभोवती दगडावर दगड रचून केलेले गडगे.

याच दगडांच्या फटीत फुरसे राहते. कोकणातले फुरसे हातभर लांब, अंगठ्याएवढे जाड, रंगाने मातीसारखे. डोक्यावर बाणासारखी पांढुरकी खूण असते. डिवचले की ते वेटोळे करून अंगाच्या कडा एकमेकींवर घासते आणि करकर असा आवाज काढते. तो ऐकू आला तर तिथेच थबकावे.

फुरसे रत्नागिरी जिल्ह्यात किती होती, याची एक जुनी नोंद आहे. 1862 साली इंग्रज सरकारने इनाम वाढवले, तेव्हा लोकांनी आठ दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी मारून आणली! एवढी मारली, म्हणून ती संपली का? नाही. आजही सड्यावर ती आहेतच. मारून न सुटलेला हा प्रश्न औषधाने सुटतो, पण औषधापर्यंत वेळेत पोचले तर. हे मला एका वहिनींनी शिकवले.

माझ्या एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. संध्याकाळी पडवीत बसलो असता वहिनींनी आपला उजवा हात पुढे केला. बोटावर दोन बारीक डाग होते.

"भावोजी, काजूच्या बिया वेचत होते. पातेऱ्यात हात घातला नि काटा टोचल्यासारखं झालं. बघते तर वीतभर फुरसं! एवढ्याशानं काय होणार, असं वाटलं."

घरातही सगळ्यांना तसेच वाटले. कोणी मनगटाला दोरी आवळली, कोणी पाला वाटून लावला. शेजारच्या वाडीतला मंत्र घालणारा येऊन गेला. हात सुजला, पण वहिनी शुद्धीवर होत्या, बोलत होत्या. मग विष उतरले असेच सगळे समजले. सकाळी चूळ भरली, तर पाणी लाल. हिरड्यांतून रक्त येत होते आणि ते थांबेना.

तेव्हा कुठे गाडी निघाली. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी थोडे रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घातले आणि नळी 20 मिनिटे न हलवता उभी ठेवली. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठते. वहिनींची नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखे वाहिले.

वाचकहो, फुरशाची खरी मेख इथेच आहे. त्याचे विष रक्तातला गोठण्याचा गुणच संपवून टाकते. माणूस वरून धड दिसतो आणि आतून रक्तस्राव चालू असतो. दोन दिवसांनी लघवीत रक्त येते, मूत्रपिंड बिघडते, डोक्यातही रक्त उतरू शकते.

वहिनींना सलाईनमधून प्रतिविष दिले. सहा तासांनी पुन्हा नळीची परीक्षा झाली, पुन्हा औषध झाले, मग रक्त गोठू लागले. त्या वाचल्या, पण दोरी आवळलेल्या जागी वण राहिला आहे.

हे प्रतिविष घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून तयार करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ते एकच चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो. पहिल्या खेपेलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि कोणाला त्याची रिॲक्शन येऊ शकते. म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे सडा नाही. पण हे चारही साप घाटावरही आहेत. कडब्याच्या गंजीत घोणस असते. मण्यार रात्री अंथरुणात येते. तिचा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. आपल्या देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतलीच.

तेव्हा एवढे घरात सर्वांना सांगून ठेवा. दंश झालेल्याला धीर द्या, चालवू नका. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज येण्याआधी काढा. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. 108 ला फोन करा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. प्रतिविष कुठल्या सरकारी रुग्णालयात असते, हे आजच विचारून ठेवा. तिथे ते फुकट मिळते.

वहिनी अजूनही काजू वेचायला जातात. आता हातात काठी असते. आधी पातेरा चाळवतात, मग हात घालतात. निघताना मी विचारले, "भीती नाही वाटत?"

"वाटते की," त्या म्हणाल्या, "पण फुरशापेक्षा त्या वाया गेलेल्या रात्रीची जास्त वाटते."