बुडणारा ओरडत नाही
सिनेमात बुडणारा ‘वाचवा, वाचवा’ म्हणून ओरडतो. भोपाळच्या प्रकाश तरण पुष्कर या महापालिकेच्या तलावावर जीवरक्षक म्हणून उभा राहू लागल्यापासून असा ओरडणारा मला एकही भेटलेला नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच सवड नाही, तर ओरडणार कशाने? हात नुसते पाणी खाली दाबतात. २० ते ६० सेकंदांत सारे संपते. म्हणून दंगा करणाऱ्या पोरांपेक्षा गप्प झालेल्या पोरावर माझी नजर जास्त असते.

सकाळी शिकवतानाही हातपाय मारणे नंतर. आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, मग उताणे तरंगायचे. आपल्याकडे कमरेला भोपळा बांधून विहिरीत ढकलत. (भोपाळात भोपळ्याशिवाय शिकवतो, हा माझा जुना विनोद, इथली मराठी मंडळी अजून हसतात.) पण भोपळा सुटला की भीती परत येते. मान मागे टाकून, छाती भरून पडून राहिले की पाणी उचलून धरते, हे अंगाला कळावे लागते.

पालकांना मात्र घाई शर्यतीची. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे इथल्याच छोट्या तलावात, खटलापुरा घाटाजवळ, गणपती विसर्जनाची नाव उलटली. अकरा जण गेले, बहुतेक तरुण पोरे. मंडळांच्या पोरांना मी आता श्रावणातच शिकायला बोलावतो.