दुसरी वर्दी

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला गावात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, 'मेजर, आता पुढं काय?' जवानाला 15 वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते, त्यामुळे घरी परतताना बहुतेकांचं वय पस्तीस ते चाळीसच्या आसपास असतं. मुलं शाळेत असतात, घराचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलेलं असतं आणि अंगातली रग अजून गेलेली नसते. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी एमआयडीसीतल्या कंपनीचं गेट सांभाळतो, कुणी शेतीत लक्ष घालतो. मी पोलीस भरतीचा अर्ज भरला.

खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला पोलीस शिपाई होण्यासाठी 28 वर्षांची वयोमर्यादा आहे, मागासवर्गीयांना 33. माजी सैनिकाला मात्र फौजेत घालवलेली वर्षं आणि त्यावर आणखी 3 वर्षं एवढी सूट मिळते. जागांमध्ये 15 टक्के समांतर आरक्षणही असतं. या दोन नियमांमुळे माझ्यासारखा माणूस पुन्हा मैदानात उतरतो. 1600 मीटर, 100 मीटर आणि 7.260 किलोचा गोळा. बाजूला उभी असलेली पोरं आपल्या पुतण्याच्या वयाची असतात. अकादमीच्या मैदानावर पहाटे पाचपासून घाम गाळलेली ती पोरं 'काका, तुम्ही पण?' असं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत आदरच जास्त असतो.

प्रशिक्षण केंद्रातली पीटी, परेड, बिगुल, गार्ड, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. लोक नेहमी विचारतात, की फौजेत हवालदार असलेल्या माणसाला इथं पुन्हा शिपाई होणं जड गेलं का? वयानं लहान असलेल्या पीएसआय साहेबांना सॅल्यूट करताना काही वाटलं का? फौजेत बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट येतो आणि केस पिकलेले सुभेदारसाहेब त्याला कडक सॅल्यूट करतात. सॅल्यूट खांद्यावरच्या जबाबदारीला असतो. ज्याला हे फौजेत कळलं, त्याला पोलिसात वयाचा अडसर येत नाही. खरा कस लागला तो दुपारच्या कायद्याच्या तासाला. आणि त्याहून जास्त, प्रशिक्षण संपून ठाण्यात हजर झाल्यावर.

तिथं मला जे उमगलं ते थोडक्यात सांगतो. सैनिकाच्या लेखी शत्रू पडला की काम संपतं. पोलिसाच्या लेखी आरोपी सापडला की काम सुरू होतं. ते संपतं न्यायालयात, कधी कधी बऱ्याच वर्षांनी, आपली बदली होऊन दुसऱ्याच ठाण्यात गेल्यावर. म्हणजे आज हातून होणारी प्रत्येक गोष्ट पुढच्या कुठल्यातरी दिवशी, अनोळखी न्यायाधीशासमोर, आपल्या मदतीशिवाय उभी राहिली पाहिजे. ती कागदावरच उभी राहते.

एका घरफोडीचा पंचनामा मला अजून ओळ न् ओळ आठवतो. निवृत्त शिक्षकाचं घर. नवरा-बायको मुलीकडे गेले होते, परत आले तर दार सताड उघडं. तपास आमच्या हवालदारांकडे होता आणि मी त्यांचा रायटर. पंच म्हणून शेजारचा किराणा दुकानदार आणि समोरच्या घरातला, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. हवालदारांनी कुणालाही उंबरा ओलांडू दिला नाही. आधी बाहेर उभं राहून चतुःसीमा लिहायला सांगितल्या. पूर्वेस डांबरी रस्ता, पश्चिमेस मोकळा प्लॉट, उत्तरेस किराणा दुकान, दक्षिणेस बोळ. मग दार. कुलूप जसंच्या तसं बंद होतं, पण ज्या कोयंड्यात ते अडकवलं होतं तो चौकटीतून उचकटून एका स्क्रूवर लोंबत होता. बाकीचे स्क्रू पायरीवर पडलेले, त्यांच्या आट्यांना सागाचा भुसा चिकटलेला. चौकटीच्या लाकडात एक खोल चपटा व्रण. हवालदारांनी टेप लावून त्याची लांबी, रुंदी आणि जमिनीपासूनची उंची सांगितली, मी लिहून घेतली.

दुकानदार म्हणाला, 'कटावणीनंच फोडलंय, साहेब. लिहा तसं.' हवालदारांनी त्याला शांतपणे विचारलं, 'शेठ, कटावणी तुम्ही पाहिली का?' त्यानं मान हलवली. हवालदार माझ्याकडे वळून म्हणाले, 'कोणत्यातरी टणक साधनाने उचकटल्याचे दिसते, एवढंच लिहा, मेजर.' आत कपाट उघडं होतं, साड्या पलंगावर फेकलेल्या होत्या, लॉकर रिकामा. देवघरातले चांदीचे टाक मात्र जागेवर होते. तेही लिहिलं. जे गेलं नाही त्याचीही नोंद हवी, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

पुढं शेजारच्या तालुक्यात एक जण पकडला गेला, त्याच्याकडे कटावणी मिळाली आणि तिच्या चपट्या टोकाची रुंदी आमच्या पंचनाम्यातल्या व्रणाच्या रुंदीशी जुळली. पंचनाम्यात आम्ही अंदाजानं 'कटावणी' लिहिलं असतं, तर आरोपीच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, न पाहिलेली वस्तू तुम्ही कशी लिहिली? मोजलेल्या व्रणाला असा प्रश्न विचारता येत नाही.

या कामात कायदाही पोलिसाला एका विशिष्ट वाटेनं चालायला लावतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं, ते तर थेट राज्यघटनेत लिहिलेलं आहे. नव्यानं भरती झालेल्या पोरांना वाटतं की कायदा आपले हात बांधतोय. मला उलट वाटतं. तोंडातून वदवून घेण्याची वाट बंद आहे, म्हणून पोलीस जागेवर जातो, स्क्रू उचलतो, व्रण मोजतो, सीसीटीव्हीचं फुटेज गोळा करतो, साक्षीदार शोधतो. आपल्या कामाचं कौशल्य याच नियमांमुळे घडलं आहे.

हे सांगताना मला दरवेळी तुकाराम ओंबळे आठवतात. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. तेही फौजेतून आलेले, सिग्नल कोअरमध्ये नोकरी करून 1991 मध्ये मुंबई पोलिसात शिपाई झालेले. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत ते सहाय्यक उपनिरीक्षक म्हणून हजर होते, हातात फक्त लाठी. हल्लेखोर कसाबच्या रायफलीची नळी त्यांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यांना 2009 मध्ये मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्यांच्या शौर्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. मला त्यातलं पोलीसपण जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या त्या पकडीमुळे एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, 2010 मध्ये विशेष न्यायालयानं निकाल दिला, पुढं उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयानं तो तपासला आणि मगच 2012 मध्ये येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. हल्ला कुठून आला हे साऱ्या जगासमोर न्यायालयात सिद्ध झालं. सैनिकाच्या छातीनं आणि पोलिसाच्या हातानं केलेलं ते काम होतं. दुसऱ्या वर्दीत येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकानं ते नीट समजून घ्यावं.

मग 1 जुलै 2024 आला. त्या दिवशी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. आयुष्यभर खुनाला 'तीनशे दोन' म्हणणाऱ्या ठाण्यात 103 लिहावं लागलं. फसवणुकीचं 420 जाऊन 318 आलं, चोरीचं 379 जाऊन 303. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं झालं, म्हणून पंचनाम्याला निघताना कागदाबरोबर मोबाइलही हातात आला. सेवेची पंचवीस-तीस वर्षं झालेले हवालदार आणि कालचा भरती झालेला पोरगा एकाच बाकावर बसून कलमांचे तक्ते पाठ करत होते. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला त्या दिवसांत मोठा दिलासा मिळाला. या खात्यात शिकणं कुणाचंच संपत नाही. ज्याला चाळिशीत नव्यानं वही उघडायची सवय लागली आहे, त्याला पन्नाशीतही ती उघडता येते.

बंदोबस्ताचं काम वेगळं. फौजेत रेषेच्या पलीकडे असतो तो शत्रू. इथं मिरवणुकीत समोर नाचतात ती आपलीच पोरं, त्यातल्या एखाद्याचे वडील आपल्या ओळखीचे निघतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो. वर्षातल्या ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सूट मिळते. सूट नसलेल्या दिवशी मी पावणेदहालाच मंडळाच्या अध्यक्षाशेजारी जाऊन उभा राहतो. पाऊण दिवस उन्हात राबलेल्या त्या पोराला आधी पाणी प्यायला सांगतो. मग म्हणतो, 'आरतीचा मान तुमच्याच मंडळाचा आहे, दहाला आरती लावून टाका.' दहा वाजता जनरेटरकडे बोट दाखवावं लागत नाही. लाठी हातात असते, पण जमाव हलवायचा तर कमीत कमी बळ वापरायचं हे आम्हाला शिकवलेलं आहे. मला विचाराल तर सगळ्यात कमी बळ म्हणजे पंधरा मिनिटं आधी पोहोचणं.

वयाचा खरा उपयोग होतो तो ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी. मदतनीस म्हणून बसलो होतो, तेव्हा एक आजी आल्या. बाजारातून येताना मोटरसायकलवरच्या दोघांनी गळ्यातली बोरमाळ हिसकावली होती. मानेवर लाल वळ उठला होता. गाडीचा नंबर, रंग, कपडे, विचारलं तर त्यांना काहीच सांगता येईना, नुसत्या थरथरत होत्या. मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, 'आजी, बाजारात काय काय घेतलंत ते सांगा आधी.' मेथीची जुडी, नातवासाठी पेरू, दळणाचे पैसे द्यायचे राहिलेले. बोलता बोलता त्या हिसकावणाऱ्या हातापर्यंत आपोआप पोहोचल्या. 'त्याच्या मनगटावर देवाचा काळा दोरा होता, आणि अंगठ्याला पट्टी बांधलेली होती.' मी तसंच्या तसं त्यांच्याच शब्दांत लिहिलं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हिसकावून केलेल्या चोरीला आता न्याय संहितेत 304 हे स्वतंत्र कलम आहे. कलम लिहायला एक मिनिट लागतं. आजींना अंगठ्याची पट्टी आठवेपर्यंत थांबायला माणसात धीर लागतो. तो धीर आईवडिलांची आजारपणं, भावकीचे वाद आणि पोरांच्या परीक्षा यांतून गेल्यावरच अंगात मुरतो.

घरच्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. फौजेत असताना बायकोनं एकटीनं संसार ओढलेला असतो. आता नवरा घरी येईल या आशेवर ती असते, आणि हा पुन्हा वर्दी चढवतो. दिवाळी, गणपती, निवडणूक, जत्रा, सगळ्या सणांना आम्ही रस्त्यावर. म्हणून अर्ज भरण्याआधी तिच्याशी बोला. तिचा होकार नसेल तर ही नोकरी रेटून नेता येत नाही.

ज्यांची पोलीस भरतीची वयोमर्यादा उलटली, त्यांनाही दारं बंद नाहीत. होमगार्डमध्ये 50 वर्षांपर्यंत जाता येतं. 1946 मध्ये तेव्हाच्या मुंबई प्रांतात सुरू झालेली ही संघटना प्रत्येक मोठ्या बंदोबस्तात आमच्या खांद्याला खांदा लावून उभी असते. गावातच राहायचं असेल तर पोलीस पाटील होता येतं. 25 ते 45 हे त्याचं वय, आणि 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याच्यावर टाकलेली जबाबदारी मोठी आहे. गावातल्या गुन्ह्याची पहिली खबर बहुधा त्याच्याकडूनच ठाण्याला मिळते.

उशिरा येऊ इच्छिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. धावण्याचा सराव करा, पण त्याहून जास्त लिहिण्याचा करा. रोज एखादी जागा पाहा आणि जे डोळ्यांना दिसलं तेवढंच कागदावर उतरवा. समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकायला शिका. लहान वयाच्या वरिष्ठाकडून शिकताना मन मोकळं ठेवा. पदासाठी किंवा रुबाबासाठी येत असाल तर घरची शेती बरी. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू न्यायालयात टिकावी म्हणून रात्री दोन वाजता पायरीवर बसून स्क्रू मोजायची तयारी असेल, तर वयाचा विचार करू नका. अर्ज भरा. ठाण्यांमध्ये अशा माणसांची फार गरज आहे.