यात आपलं काय आहे?

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आज लहानसं गाव आहे. सातवाहनांच्या काळात ते तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात त्याची नोंद आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड गाड्यांनी थेट भडोच बंदराला जाई. त्या वैभवाच्या खुणा जपल्या गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. पांढरीत, शेतात सापडेल ते गोळा करत राहिले. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आता तिथे आहे.

मुलांना घेऊन गेले होते. सगळी हस्तिदंती बाहुलीपाशी थांबली. इटलीतल्या पाँपेईत अशीच एक सापडली आहे. मला मात्र मणी आणि शंखाच्या बांगड्यांपाशीच थांबावंसं वाटलं.

सहावीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, “मॅडम, यात आपलं काय आहे?”

मी तिला बांगड्या दाखवल्या. “या कुणाच्या, सांग बरं?” ती पाटी शोधू लागली. नाव कुठेच नव्हतं.

आपल्या घरांतली तांब्याची भांडी मोडीत जातात. दादा-परदादांचे उर्दू, मोडी कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत. लामतुरेंसारखं ते उचलून ठेवणारं कुणीतरी घरातच हवं, नाहीतर उद्या कुठल्या कपाटात आपलं शोधायचं?

पुढच्या आठवड्यात ती मुलगी नानीचं पानदान घेऊन आली. आत चुन्याचा डाग होता.

“मॅडम, घासून आणू?”

“नको, राहू दे.”