आपापला प्राणी घेऊन यावे

आमच्या घरात वाढदिवस ही तशी अलीकडची वस्तू आहे. वडिलांची जन्मतारीख १ जून, काकांची १ जून आणि मोठ्या आत्याचीही १ जूनच! शाळेत नाव घालताना आजोबांना तारीख सांगता आली नाही, तेव्हा गुरुजींनी शाळेच्या हिशेबाने सोयीची तारीख लिहून टाकली. असे १ जूनचे लोक गावोगाव सापडतील. जन्म पेरणीच्या दिवसांतला की कापूस वेचणीच्या, हे ज्याच्या त्याच्या आईलाच ठाऊक. अशा आमच्या घरात माझ्या भाच्याचा पाचवा वाढदिवस जवळ आला आणि ताईने जाहीर केले, "यंदा जंगल थीम!"

त्याचे कारण असे की, भाच्याच्या बालवर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस हॉलमध्ये साजरा झाला होता. दारात कापडी झाडे, छताला लोंबणारी माकडे आणि सिंहाचा पोशाख चढवलेला एक माणूस. ताईने सजावटवाल्याकडे चौकशी केली. आकडा निघाला बारा हजार. भाऊजी ऑटो चालवतात. तेव्हा पैसे बचतगटातून कर्जाऊ काढायचे ठरले. मी जरा नाराजी दाखवताच ताई म्हणाली, "आपला वाढदिवस कोणं केला होता वं? माह्या पोराचा तरी होऊ दे!"

वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्या मला यावर उत्तर सुचेना. ताईला काही दिमाख मिरवायचा नव्हता. आपले मूल चारचौघांत मोजले जावे, एवढेच तिला हवे होते. त्यात गैर काय? म्हणून खर्चाचा वाद मी बाजूला ठेवला आणि दुसराच प्रश्न धरला. हा समारंभ पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून कसा दिसतो?

त्या हॉलमध्ये भाच्याला घेऊन मीच गेले होते. सिंह आत येताच लहानग्यांनी भोकाड पसरले आणि मोठी मुले त्याची शेपटी ओढू लागली. संगीतखुर्चीत जो सर्वांत लहान तो सर्वांत आधी बाद झाला, आणि उरलेला सगळा वेळ भिंतीशी बसून राहिला. मुले खरी रमली ती टेबलाखाली. तिथे ती चार पायांवर रांगत गुरगुरत होती. मोठ्यांना प्राणी पाहायचा असतो. मुलांना प्राणी व्हायचे असते. हा फरक सजावटवाल्याच्या पुस्तकात कुठेच नव्हता.

त्या पुस्तकातले प्राणी तरी कोणते? सिंह, जिराफ, झेब्रा आणि पाणघोडा. सिंह निदान आपल्या गीरमध्ये आहे. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह भरले. पण जिराफ आणि झेब्रा तर थेट आफ्रिकेचे रहिवासी. १९७३ पासून राष्ट्रीय प्राणी असलेला वाघ मात्र त्या पानांवर नव्हता. आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, हे त्या सजावटवाल्याच्या गावी नसावे! आणि मराठी मूल बोलायला लागते तेच मुळी हम्मा, भूभू, माऊ, चिऊ, काऊ करीत. ही सगळी मंडळी आमच्या आळीत फुकट हजर असतात.

वाढदिवस पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून रांगेत उभी करतात, मग ते बैल ओढीत घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही प्रथा पाडली, असे सांगतात. मुलांसाठी प्राण्यांचा याहून मोठा उत्सव कोणता? बैल तर अजून फळीवरच होते. मी निमंत्रणावर एकच ओळ वाढवली : 'येताना आपापला प्राणी घेऊन यावे.'

ताईची यादी बालवर्गातल्या मुलांची होती. मी त्यात समोरच्या बांधकामावर राहणाऱ्या मजुरांची तीन मुले घातली. ताई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "येऊ दे. पन केक मात्र सिंहाचाच पाहिजे." केक ठरला आणि बचतगटाचे कर्ज रद्द झाले.

जागा अंगणवाडीसमोरचे पटांगण, वेळ दोन तास; याहून जास्त वेळ ही वयाची मुले धड राहत नाहीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे मुखवटे कापले आणि त्यांना काड्या चिकटवल्या. चेहऱ्यावर बांधलेल्या मुखवट्याला लहान मुले भितात. हातातला मुखवटा हवा तेव्हा खाली घेता येतो. फुगे उंच बांधले, कारण फुटक्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर घशात अडकायची भीती. कोणी बाद होईल असा खेळ ठेवायचा नाही, हा नियमच केला. बेडूकउड्या झाल्या, हत्तीची चाल झाली, खेकड्यासारखे आडवे चालणे झाले. 'चिमणी उड, कावळा उड' म्हणता म्हणता मी 'म्हैस उड' म्हटले, तर निम्म्या मुलांनी म्हैस उडवली आणि सगळीच लोळून हसली. मग गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, घोड्याचे शिंगरू, मेंढीचे कोकरू अशी पिल्लांची नावे ओळखायची होती. शाळेतली हुशार मुले इथे अडखळली. बांधकामावरची मुलगी मात्र घडाघडा बोलत होती.

तिच्याकडे लाकडी बैल नव्हता. ती दोन महिन्यांचे करडू काखेत मारून आली होती. जिवंत प्राणी आणणारी ती एकटीच! लायनचा केक तसाच राहिला आणि सगळी मुले त्या करडाभोवती गोळा झाली. कोणी त्याला हात लावावा आणि कोणी थांबावे, हे तीच ठरवत होती. ताईने भाच्याला ओवाळले, आणि वसुबारसेला वासराला लावतो तसे कुंकवाचे बोट करडाच्या कपाळालाही टेकवले. ते तिला कोणी सुचवले नव्हते.

एकूण खर्च एकोणीसशे रुपये आला, त्यात निम्मा त्या सिंहाचा. पण मला समाधान वाटते ते वाचलेल्या पैशांचे नाही. आपण मोजले जावे ही आमच्यासारख्या घरांची हौस नवी आहे आणि ती रास्तही आहे. दाखल्यावर खरी तारीख मिळालेली आमची पहिलीच पिढी. मात्र आपली मोजणी एकदा सुरू झाली, की आपल्यामागून रांगेत कोण उभे आहे हे पाहण्याचे काम आपल्याकडेच येते. ते कॉलेजात कोणी शिकवीत नाही. त्या मुलीला मी तिचा वाढदिवस विचारला, तेव्हा तिने शेजारच्या भावाकडे पाहिले, भावाने आईकडे पाहिले, आणि आई नुसतीच हसली.