कुणाचं खरं मानायचं?

विशाल फुरियांचा 'लपाछपी' (2017) पुन्हा पाहिला. भर उन्हात घाबरवणारा मराठी सिनेमा विरळाच. उसानं वेढलेलं घर, गरोदर नेहा, मधूनच दिसणारी मुलं. ती खरी की नेहाचा भास, हे दिग्दर्शक आपल्याला लवकर कळू देत नाही. पूजा सावंतच्या चेहऱ्यावर भीतीइतकाच स्वतःबद्दलचा संशय दिसतो. मला तो संशय जास्त छळतो.

*

देहूरोडहून गहुंज्यापुढे पवनेच्या काठाला गेलं की ऊस लागतो. उभ्या फडात चार हातांपलीकडचं दिसत नाही. वाऱ्यानं पाला सळसळतो. आत माणूस चालला तरी तसाच सळसळतो. कानाला फरक करता येत नाही, म्हणून मन वाईटातलं वाईट धरून चालतं. भुताचा मेकअप लागतच नाही.

*

रात्री घोरावडेश्वराच्या डोंगराकडे बघताना ध्यानात येतं: अंधुक काही दिसलं म्हणून रोखून पाहावं तर ते नाहीसं होतं, नजर थोडी बाजूला नेली की पुन्हा दिसतं. त्यात गूढ काही नाही. मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी नसतात, भोवती असतात. जाणता दिग्दर्शक म्हणूनच आकृती चौकटीच्या कडेला ठेवतो. ती दिसली, एवढीच शंका त्याला हवी असते; ओळख पटायला नको असते.

*

'कॅट पीपल' (1942). निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर. पैसा बेताचा. बाई एकटी रस्त्यानं चालते, मागची पावलं थांबतात, श्वापद झेपावणार असं वाटतं, आणि फिस्सकन येऊन थांबते ती बस. श्वापद न दाखवता जमलेला हा प्रसंग चित्रपटवाले आजही अभ्यासतात. मात्र त्याची नुसती नक्कल म्हणजे मांजर उडी मारते आणि वाद्यं किंचाळतात. दचकणं दोन सेकंदांत ओसरतं, शंका घरापर्यंत सोबत येते.

*

'तुंबाड' (2018) हस्तर हा राक्षस दाखवतो आणि तरीही भीती राखतो. कारण तिथली अनिश्चितता भुताबद्दलची नाही. नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेल्या या सिनेमात प्रश्न एवढाच उरतो की नायक विनायकची हाव कुठं थांबेल. राक्षस समोर उभा असला तरी माणसाचा अंदाज लागत नाही.

*

'हा खेळ सावल्यांचा' (1976) म्हटलं की लोकांना गाणी आठवतात. मला आशा काळेंचे डोळे आठवतात. तिला दिसतंय ते भूत आहे की मनाचा आजार? काशिनाथ घाणेकरांचा डॉक्टर एका बाजूला, गावाची समजूत दुसऱ्या बाजूला. वसंत जोगळेकरांनी पन्नास वर्षांपूर्वी मराठी प्रेक्षकासमोर हा पेच मांडला, आणि मध्ये उभी होती एक घाबरलेली बाई.

*

राम गोपाल वर्मांचा 'कौन' (1999) हाच पेच उलटा फिरवतो. पाऊस, बंगला, एकटी ऊर्मिला मातोंडकर, दारात अनोळखी मनोज वाजपेयी, टीव्हीवर खुन्याची बातमी. गाणं एकही नाही. आपण बिनशर्त तिच्या बाजूनं उभे राहतो. ती भित्री आहे म्हणजे निर्दोष आहे, हा आपला हिशेब. शेवटी तोच कोसळतो.

*

'लपाछपी', 'हा खेळ सावल्यांचा' आणि 'कौन' हे तिन्ही सिनेमे शेजारी ठेवून विचार करतो. मध्यभागी बाई आहे, ती काहीतरी सांगते आहे, आणि ते खरं मानायचं की नाही हे आपल्याला ठरवता येत नाही. भयपटातली खरी अनिश्चितता इथं आहे. भूत आहे की नाही, हा प्रश्न त्यामानानं सोपा. शेवटच्या रिळात त्याचं उत्तर मिळतं.

*

मावळातली मुलं आता मोबाइलवर लघुपट करतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: भूत कसं दिसेल यावर रात्री घालवू नका. घाबरलेलं माणूस आधी नीट लिहा, आणि ते बोलू लागल्यावर घरातलं कोण ऐकून घेतं, कोण उठून जातं, ते लिहा.